लहान मुलं घरात असताना कलेचं काम चालू ठेवणं : मांडणी, साहित्य, वेळ

रेघोटी

पाच वर्षांखालचं मूल घरात असताना लिहिणं, चित्र, गाणं, शिवण, माती यातलं काहीही नेटाने चालू ठेवायचं म्हटलं की बहुतेक सल्ले 'वेळ काढा' इथे येऊन थांबतात. वेळ निघतोही, पण तुटक निघतो. मुलाची झोप कधी मोडेल सांगता येत नाही, आणि साहित्य मांडण्यातच वीस मिनिटं जाणार असतील तर त्या झोपेत काहीच हाती लागत नाही. म्हणून हा धागा. काम कुठल्याही क्षणी थांबवता यावं आणि दोन मिनिटांत पुन्हा धरता यावं, यासाठी आपापल्या माध्यमात नेमकं काय करावं लागतं ते लिहा. आठवणी नकोत. कृती, मापं, काय बिघडतं आणि का, एवढंच.

आधी हाती वेळ किती असतो ते बघू. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, पण दूध दर २-३ तासांनी लागतं. त्यातला मोकळा तुकडा दूध पाजून झाल्यावरचा, तासाभराचा, आणि तो पालकाच्या स्वतःच्या झोपेसाठी राखायचा असतो. सहा-सात महिन्यांनंतर दिवसातल्या झोपा साधारण दोनवर येतात. या वयात झोपेचं एक आवर्तन ४०-५० मिनिटांचं असतं, म्हणून पुष्कळ बाळं नेमकी चाळिसाव्या मिनिटाला जागी होतात. कामाचा तुकडा दीड तासाचा धरला तर रोज निराशा पदरी येते. ३० मिनिटांचा धरा. दीड वर्षाच्या आसपास दुपारची एकच झोप उरते, ती दीड-दोन तासांची. सलग कामाला हा काळ सगळ्यात चांगला. तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान तीही बंद होते आणि त्या वेळी पालकांची घडी सगळ्यात जास्त विस्कटते. झोप गेली तरी 'दुपारी पाऊण तास प्रत्येकाने आपापल्या जागी शांत बसायचं' ही सवय झोप पूर्ण सुटायच्या आधीच लावून ठेवावी. नंतर लावायला गेलं की भांडण होतं.

आणि सगळ्या माध्यमांना चालणारी एक गोष्ट. उठायच्या आधी एका चिठ्ठीवर दोन ओळी: आत्ता कुठे थांबलो, आणि पुढची पहिली हालचाल कोणती. 'चित्र पुढे न्यायचं' असं लिहून उपयोग नाही. 'डावीकडच्या भिंतीवर निळ्याचा दुसरा हात, ६ नंबरचा ब्रश' असं लिहायचं. एका कामातून दुसऱ्यात जाताना पहिल्याचा काही भाग डोक्यात रेंगाळतो, हे संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये मांडलं. पुढच्या अभ्यासात अशी नोंद करून उठल्यावर ते रेंगाळणं कमी होतं असं त्यांना दिसलं. मूल रडतंय म्हणून उठलो आणि मन मात्र पानावरच राहिलं, यावर ही चिठ्ठी फार उपयोगी पडते.

अर्धविराम

लेखनाबद्दल लिहितो.

वाक्य अर्धवट सोडून उठावं, प्रकरण संपवून उठू नये. संपलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात करायची तर नवीन विचार लागतो. अर्ध्या वाक्यापासून करायची तर फक्त वाक्य पुरं करायचं असतं आणि तेवढ्यात हात चालू होतो.

कच्चा खर्डा आणि संपादन वेगळे ठेवा. मूल खेळतंय, मधूनमधून हाक मारतंय, अशा वेळी कच्चा खर्डा होऊ शकतो. संपादन होत नाही, कारण त्यात आधीची चार पानं डोक्यात धरावी लागतात आणि प्रत्येक हाकेला ती सांडतात. ते दुपारच्या झोपेसाठी ठेवा.

रोजचं माप लहान असू द्या. १५० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, वर्षातले ५० आठवडे म्हणजे ३७,५०० शब्द. लघुकादंबरीचा पहिला खर्डा होतो. ५०० चं माप ठेवलं की तीन दिवस चुकतात, चौथ्या दिवशी वही उघडायची लाज वाटते, आणि काम तिथेच थांबतं.

बाळ मांडीवर असेल तर एकच हात मोकळा असतो. त्या वेळी फोनवर बोलून मजकूर उतरवून घेता येतो. मराठी श्रुतलेखन आता बरंच बरोबर येतं; विरामचिन्हं बहुधा येत नाहीत आणि नावं चुकतात. म्हणून बोलताना एका श्वासात एकच वाक्य बोला आणि त्याच दिवशी मजकुरावरून नजर फिरवा. आठवड्याने उघडलं तर आपणच काय म्हटलं होतं ते उमगत नाही.

दृश्यं, प्रसंग, मुद्दे यासाठी सुटी कार्डं वापरा, एका कार्डावर एकच गोष्ट. वहीत शोधावं लागतं; कार्डं पसरली की क्रम डोळ्यांना दिसतो.

ओला_रंग

चित्रकलेत माध्यमाची निवड हाच अर्धा निर्णय आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

मूल तीन वर्षांचं होईपर्यंत जलरंग आणि गुआश (दाट, अपारदर्शक जलरंग) सगळ्यात सोयीचे. दोन्ही वाळले तरी पाण्याने पुन्हा जागे होतात, त्यामुळे पॅलेट तशीच सोडून उठता येतं. रंगाच्या १२ वड्यांची डबी, दांड्यात पाणी भरायचा ब्रश, १०×१५ सेंमीचे कागद, एवढं साहित्य एका पिशवीत मावतं. कागद ३०० ग्रॅमचा (दर चौरस मीटरला) घ्या. १९० ग्रॅमचा पाण्याने फुगतो, तो आधी ताणून चिकटवावा लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. ओला वॉश (पाणीदार रंगाचा पसरट हात) अर्ध्यात सोडला तर कडेला डाग धरतो आणि तो निघत नाही. त्यामुळे मोठा वॉश झोपेच्या सुरुवातीला, बारीक काम शेवटाला.

अॅक्रिलिकचा त्रास उलटा. पातळ थर दहा-वीस मिनिटांत वाळतो आणि परत ओला होत नाही. ब्रश तसाच राहिला तर गेला. यावर ओली पॅलेट घरीच करता येते. घट्ट झाकणाचा पसरट डबा, तळाला पातळ स्पंज किंवा पेपर टॉवेलचे ३-४ थर, ते पूर्ण भिजवून वर साचलेलं पाणी ओतून द्यायचं, त्यावर बेकिंगचा कागद. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. रंग या कागदावर घ्यायचा, उठताना झाकण लावायचं. रंग बरेच दिवस ओला राहतो. रंग पसरून पातळ होत असेल तर खाली पाणी जास्त झालंय. ब्रशसाठी शेजारी पाण्याची झाकणाची बाटली. घाईत उठताना ब्रश त्यात आडवा टाकून झाकण लावायचं. उभा ठेवला तर केस वाकतात. अर्थात ही तासाभराचीच सोय, रात्रभर नाही, कारण लाकडी दांडा फुगून रंग सुटतो.

तैलरंगांबद्दल मी स्पष्टच लिहिते. टर्पेंटाइन लहान मूल असलेल्या घरात बंद खोलीत नको. वाफ जड असते, आणि बाटली दिसायला पाण्यासारखी. तेलातच काम करायचं असेल तर पाण्यात मिसळणारे तैलरंग घ्या, किंवा ब्रश आधी तेलाने पुसून मग साबणाने धुवा. जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. वाळताना त्यात उष्णता साठते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर सुटे पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. कॅडमियम, कोबाल्ट, शिसं असलेले रंग वरच्या कप्प्यात, कुलपात. नावापुढे 'ह्यू' लिहिलेले पर्याय बहुतेक वेळा याच छटांचे, पण या धातूंशिवाय केलेले असतात. सुके पेस्टल आणि सुटी रंगाची पूड जमिनीवर बसते, आणि रांगणारं मूल जमिनीवरच असतं. तेवढी वर्षं ऑइल पेस्टल वापरा.

कोरापाट

ओला_रंग, मूल शेजारी असताना करता येईल असं काय? झोपेची वेळ रोज मिळेलच असं नाही.

ओला_रंग

पेन्सिलीचं रेखाटन आणि मूल्याभ्यास, म्हणजे फक्त काळा-करडा-पांढरा असे तीन टोन. एका कागदावर सहा चौकोन आखून ठेवा, ६×८ सेंमीचे. एक चौकोन म्हणजे पाच मिनिटं. मूल खेळत असताना त्याचीच रेखाटनं करा. ते हलत राहतं, त्यामुळे रेषा झटकन पकडायची सवय लागते. पाठ, मान, वाकलेला गुडघा, एका वेळी एकच भाग.

खर्ज

गाणं आणि वाद्य.

वाद्य पेटीत बंद असेल तर दहा मिनिटांच्या तुकड्यात ते बाहेर निघतच नाही. भिंतीवर खुंटीला, जमिनीपासून दीड मीटर वर, आणि खाली चढता येईल असं स्टूल किंवा सोफा नको. पियानो किंवा कीबोर्ड असेल तर हेडफोन कायम जोडलेले ठेवा, पण वायर लोंबती नको. व्हायोलिनला सरावाचा रबरी म्यूट मिळतो, त्याने आवाज बराच उतरतो.

बारा मिनिटांचा रियाज असा बांधता येतो: दोन मिनिटं सूर लावणं, आठ मिनिटं एकच अवघड जागा, दोन मिनिटं आवडीचं काहीही. अवघड जागा म्हणजे दोन आवर्तनं, त्याहून जास्त नाही. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, सलग पाच वेळा बिनचूक आलं तर ४ ने वाढवा, चुकलं तर मागे या. संपूर्ण बंदिश रोज वरवर गाऊन किंवा वाजवून जागा सुधारत नाहीत, उलट चूकच पक्की होते.

आवाज करायचा नसेल तेव्हा गळ्यासाठी नळीचा सराव करा. पेल्यात पाणी, त्यात नळी २-३ सेंमी बुडवून, 'ऊ' गुणगुणत बुडबुडे काढायचे, खालपासून वरपर्यंत मींडेने. पाच मिनिटं पुरतात. तोंडाकडून उलटा दाब मिळतो, त्यामुळे स्वरतंतू कमी जोराने एकमेकांवर आपटतात. झोप मोडलेल्या रात्रीनंतर पूर्ण आवाजात गाण्यापेक्षा हे गळ्याला फार सुरक्षित. गाल फुगवू नका, बुडबुडे एकसारखे यायला हवेत.

बाळंतपणानंतर पोटाच्या स्नायूंचा आधार कमी झालेला असतो. लांब तान किंवा तार सप्तकाचा जोर गळ्यावर येतो आणि आवाज बसतो. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी देईपर्यंत मंद्र-मध्य, छोटी आलापी. सिझेरियन झालं असेल तर जास्तच जपून.

बाळाच्या खोलीत आवाज झाकायला पांढऱ्या गोंगाटाचं (एकसारख्या सूं आवाजाचं, 'व्हाइट नॉइज') यंत्र लावत असाल तर ते पाळण्यापासून किमान २ मीटर लांब आणि हळू आवाजात ठेवा.

सुईदोरा

शिवणकामात टप्पे मिसळले की गोंधळ होतो. कापणं, जोडणं, इस्त्री आणि हातशिलाई यांना वेगवेगळी जागा आणि वेगवेगळा धोका आहे. कापणं एकदाच, मूल झोपलेलं किंवा दुसऱ्या माणसाकडे असताना, दोन-तीन कपड्यांचं एकदम. प्रत्येक कपड्याचे तुकडे, दोरा, चेन, बटणं एका पारदर्शक पिशवीत, वर चिठ्ठी: पुढची शिलाई कोणती. मग २० मिनिटं मिळाली तरी एक बाही लागते.

टाचण्यांऐवजी क्लिपा वापरा. जिथे टाचणीच हवी तिथे मोजून घ्या, मोजून परत ठेवा. ही मोजणी चुकवू नये. मशीन सोडून उठताना सुई कापडात खाली आणि प्रेसर फूट (कापड दाबून धरणारी पट्टी) खाली, म्हणजे शिलाई सरकत नाही. आणि प्लग काढायचा, पायटा (पायाने दाबायचं पेडल) वर उचलून ठेवायचा. रांगणाऱ्या मुलाला पायटा पहिल्यांदा सापडतो. इस्त्री बंद केल्यावरही अर्धा तास तरी गरम राहते, तेव्हा ती शेवटी, उंचावर, वायर गुंडाळून.

विणकाम सगळ्यात उचलतं-ठेवतं काम. क्रोशात एकच टाका जिवंत असतो. त्यात खूण-पिन अडकवून सुई काढून घेतली की ओढलं तरी उसवत नाही. दोन सुयांच्या विणकामात सगळी ओळ जिवंत असते, म्हणून गोल सुई (दोन टोकं केबलने जोडलेली) घ्या आणि उठताना टाके मधल्या केबलवर सरकवा. दर दहा ओळींनी एक वेगळ्या रंगाचा दोरा टाक्यांमधून ओवून ठेवा. मुलाने सुई उपसली तर तिथपर्यंतच उसवतं.

मनगटाचं लिहायलाच हवं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते बहुधा डी क्वेर्व्हेन म्हणतात ते दुखणं. लहान बाळं असलेल्या पालकांत ते बरंच आढळतं, कारण बाळाला काखेत धरून उचलताना अंगठा ताणलेला राहतो. त्यावर विणकाम, कातरकाम, तंतुवाद्य चढलं की वाढतं. बाळाला उचलताना एक हात बुडाखाली, एक पाठीखाली, अंगठा तळव्याला लागून. सुई जाड घ्या, एका बैठकीत १५ मिनिटं पुरे. दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दाखवून घ्या. रेटत राहिलं तर बरं व्हायला महिने लागतात.

कच्ची_भांडी

मातीकाम घरात करायचं असेल तर चाक थोडी वर्षं बाजूला ठेवावं असं माझं मत. चाळीस मिनिटांतली वीस आवरण्यातच जातात. हातघडाई करा: ३००-४०० ग्रॅमचा गोळा, चिमटीने वाटी, किंवा वळ्या.

अडचण एकच, वाळणं. त्यावर ओला डबा करून ठेवा. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, तळाला २-३ सेंमी प्लास्टर ऑफ पॅरिस. प्रमाण वजनाने १०० भाग प्लास्टर, ७० भाग पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या राहतात. घट्ट झाल्यावर ते शोषेल तेवढं पाणी पाजायचं. या डब्यात भांडं कातड्याइतकं घट्ट, म्हणजे कोरता येईल अशा अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहतं. अशी सोय नसेल तर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पण काठ आधी वाळतो आणि तिथेच तडा जातो, म्हणून काठावर ओल्या कापडाची पट्टी.

सेट होताना प्लास्टर चांगलंच तापतं. मुलाच्या हाताचा ठसा घ्यायला हात त्यात कधीही बुडवू नका, भाजतं. ठसा मातीत घ्या. प्लास्टरचा कण मातीत गेला तर भाजल्यानंतर भांड्याचा टवका उडतो, त्यामुळे त्याची भांडी-चमचे वेगळे.

आणि सुकी माती झाडू नका, घासू नका. तिच्यात सिलिका असते, धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं लगेच धुवा.

तिढा

धागा उत्तम आहे, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. सगळंच काम तुकड्यांत बसत नाही. कादंबरीची रचना, ध्वनिमुद्रण, मोठं कॅनव्हास, संपूर्ण राग मांडणं यांना दोन-तीन तास सलग लागतात. फक्त तुकड्यांत बसेल तेवढंच करत राहिलो तर पाच वर्षांनी हातात नुसती रेखाटनं आणि टिपणं उरतील.

रेघोटी

मान्य आहे. सलग वेळ मात्र आपोआप मिळत नाही, दुसऱ्या माणसाशी ठरवूनच मिळतो. दुसरा पालक, आजी-आजोबा, किंवा असंच मूल असलेलं दुसरं घर. अदलाबदल करता येते.

ठरवताना चार गोष्टी स्पष्ट लागतात. वार आणि वेळ ठरलेली. 'जमेल तेव्हा' म्हटलं की जमत नाही. सुरुवातीची आणि शेवटची मिनिटं पक्की. त्या वेळात मुलाचं सगळं, म्हणजे लंगोट, खाणं, रडणं, पडणं, दुसऱ्या माणसाकडे. काय कुठे आहे हे विचारायलाही दार वाजवायचं नाही, त्यासाठी सामानाची जागा आधी दाखवून ठेवा. आणि दुसऱ्यालाही तेवढाच वेळ परत. अंगावर पाजत असाल तर वेळ दूध पाजून झाल्या झाल्या सुरू करा. शक्य असेल तर घराबाहेर बसा. मुलाचा आवाज कानावर आला की पाजणाऱ्या आईचं दूध उतरू शकतं. शरीरच साथ देत नाही, तिथे इच्छाशक्तीचा प्रश्न नसतो.

दोन तास मिळाले तर त्यात फक्त सलग लागणारंच काम. कागद कापणं, फाइलींना नावं देणं, ब्रश धुणं हे तुकड्यांमध्ये आधी उरकून ठेवा.

एक गोष्ट मात्र सांगते. तुकड्यांत बसणारं माध्यम म्हणजे लहान काम, असं नाही. शिल्पकार रूथ असावा १९४७ मध्ये मेक्सिकोत तारेच्या वेटोळ्यांची विणकामासारखी पद्धत शिकल्या. पुढे सहा मुलं वाढवताना त्यांनी घरात बसून त्याच पद्धतीने माणसाहून उंच शिल्पं केली. हातात तार, कुठेही थांबता येतं, पुढचं वेटोळं कुठे घ्यायचं ते समोर दिसतं.

तिढा

हे पटलं. सलग वेळ राखून ठेवायचा आणि माध्यमही तपासायचं, दोन्ही.

पाटीपेन्सिल

मुलाला शेजारी बसवून काम करणाऱ्यांसाठी. वेगळं, कमी उंचीचं टेबल, आपल्या टेबलाला काटकोनात, म्हणजे मान न वळवता दिसतं. कागद चारही कोपऱ्यांना मास्किंग टेपने चिकटवा. रंग तीनच द्या. बारा दिले की मूल खडू काढत-ठेवत बसतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला जाड ब्रश आणि तळाला बोटभर पाणी असलेला डबा द्या, फरशीवर पाण्याने रंगवू दे. वाळलं की पुन्हा नवं.

मळायचा गोळा: मैदा २ कप, मीठ अर्धा कप, तेल २ मोठे चमचे, लिंबाचा रस २ मोठे चमचे, उकळतं पाणी सव्वा कप. पाणी मोठ्या माणसाने ओतून ढवळायचं, कोमट झाल्यावर मळायचं. चिकटला तर मैदा, भेगा पडल्या तर तेल. हवाबंद डब्यात काही आठवडे टिकतो. वास बदलला की टाकून द्या. मीठ भरपूर आहे, खाऊ देऊ नका.

पहिली दहा मिनिटं त्याच्यासोबत बसून पूर्ण लक्ष द्या, मग आपलं काम काढा. उलट क्रमाने केलं की मूल प्रत्येक मिनिटाला हाक मारतं.

सुईदोरा

एक तातडीचं, वर राहून गेलं. वाद्याला क्लिपने लावायचे ट्यूनर (सूर जुळवायचं यंत्र), छोटे मेट्रोनोम, पुस्तकाला लावायचे दिवे, किचन टायमर यांत बहुधा नाण्यासारखी बॅटरी असते. २० मिमीची लिथियम बॅटरी मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतच आत गंभीर भाजू शकतं. झाकण स्क्रूने बंद होणारंच यंत्र घ्या. गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी न करवता थेट इस्पितळ. टाचण्या धरायला वापरतात ते छोटे, जोरदार चुंबकही तितकेच धोक्याचे. दोन गिळले गेले तर आतडी मध्ये धरून चिकटतात. मणी, बटणं, वड्या मापायच्या तर: सुमारे ३२ मिमी रुंदीच्या नळीत जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताला लागू देऊ नये.

अर्धविराम

सुईदोरा, हे धाग्यात वर चिकटवायला हवं.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल एक भर. त्या काळात काम ठरवू नका, फक्त जमवा: एक ओळ, एक फोटो, ऐकलेला एक सूर. आणि उदासी, कशातच रस न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे विचार आले तर त्याच दिवशी. आईला होतं तसं वडिलांनाही होऊ शकतं. त्यावर उपचार आहेत. 'पुन्हा चित्र काढायला घे म्हणजे बरं वाटेल' असं सांगून ते टाळू नये.

कोरापाट

ओला_रंग, तुमच्या पद्धतीने ओली पॅलेट केली तर बुरशी येत नाही का?

ओला_रंग

येते, गरम हवेत लवकर. पाणी उकळून गार केलेलं वापरा, आठवड्याला स्पंज गरम पाण्याने धुऊन पूर्ण पिळा, बेकिंगचा कागद दर वेळी नवा. उरलेला रंग चार-पाच दिवसांहून जास्त धरून ठेवू नका. आंबूस वास आला तर कागद आणि रंग दोन्ही टाका. स्पंजवर काळे ठिपके दिसले तर तोही बदला, धुऊन ते जात नाहीत.